प्रभूची राखण व मंडळीचे ऐक्य

(वाचन : योहान १७ : ६ ते २३. मनन : वचने ११, १५ व २१.)



घरातील कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो आणि आपला काळ जवळ आला हे त्यास कळून चुकते, तेव्हा तो मुलांस जवळ बोलावितो. त्या वेळी तो वायफळ बोलत नाही. कोणाचे देणे राहिले आहे, कोणत्या शेताचा बांध कोठून कोठवर आहे, हे तो सांगतो; आणि बहुतकरून सर्वांच्या शेवटी हे सांगतो की, आपसांत भांडू नका, एकमेकांस टाकू नका. मुले पुढे काय करितात ते निराळे. परंतु बापाच्या अखेरच्या श्वासात काय होते, ते त्यांना जन्मभर विसरता येत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय वाचीत असता आम्हांस नेहमी अशा घटकेची आठवण होते. भोजन आटोपले होते. यहूदा उठून बाहेर अंधारात निघून गेला होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते व त्यांना पुष्कळ काही शिकविले होते. आता किद्रोनाचा ओहोळ उतरून बागेत जावयाचे व शत्रूंच्या हाती पडावयाचे, एवढेच उरले होते. त्या थोडक्या अवकाशात प्रभूने आपली दृष्टी वर लाविली व शिष्यांना ऐकू जाईल अशा रीतीने तो पित्याशी बोलला.

त्याने त्यांच्यासाठी धन मागितले नाही, मान मागितला नाही, राजदरबारी वजन मागितले नाही. ह्या दुष्ट जगातून त्यांना काढून ने असेही मागितले नाही; किंबहुना तसे आपण मागत नाही हे त्याने उघड बोलून दाखविले. त्यांना आनंद मिळावा, सत्याने ते पवित्र व्हावे, हे त्याने मागितले; परंतु दोन मागण्या त्या प्रार्थनेत फिरून फिरून येतात. पहिली ही की, पित्याने त्यांना राखावे. दुसरी ही की, त्यांनी एक व्हावे. आज आपण ह्या दोन मागण्यांचा, आणि विशेषेकरून त्या दोहोंच्या मध्ये जी गाठ आहे तिचा विचार करू. कारण ती गाठ आपल्या मंडळ्यांमधून सैल होत चालली आहे, अशी आम्हांस भीती वाटते.

१. कशापासून राखण?

आपण खेड्यातील माणसे राखणीची प्रार्थना काही कमी करीत नाही. पाऊस वेळेवर पडावा, उभ्या पिकावर कीड पडू नये, गोठ्यातील जनावर दगावू नये, परगावी कामास गेलेला मुलगा सुखरूप परत यावा, कोर्टातील तारीख नीट पार पडावी, ह्यांसाठी आपण गुडघे टेकतो. हे योग्यच आहे. जो आपल्या डोक्यावरचे केस मोजतो, त्यास आपल्या गोठ्यातील बैलाची काळजी सांगण्यात संकोच कसला?

परंतु त्या रात्री प्रभूच्या मनात जे संकट होते ते ह्याहून खोल होते. त्या दुष्टापासून ह्यांना राख, असे त्याने मागितले. हा दुष्ट कसा येतो हे समजण्यास लूककृत शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय सोबत वाचावा. तेथे त्याच रात्रीची हकीकत आहे. भाकर मोडून झाली, प्याला देऊन झाला, आणि त्याच पंगतीत शिष्यांमध्ये वाद उत्पन्न झाला की, आपणांत मोठा कोण? प्रभूने त्यांचे समाधान केले. आणि लागलीच, सात वचनांच्या अंतराने, त्याने पेत्रास सांगितले की, सैतानाने तुम्हा सर्वांस गव्हासारखे चाळण्यासाठी मागून घेतले आहे. येथे लक्षात ठेवावे की, मूळ ग्रीक भाषेत सैतानाची मागणी सांगताना शब्द अनेकवचनी आहे. सैतानाची नजर एकट्या पेत्रावर नव्हती. सारी मंडळीच त्यास चाळणीत पाहिजे होती.

चाळण आपल्या प्रत्येक घरात आहे. रास पडलेली असते तेव्हा दाणा दाण्याला लागून असतो. चाळणीत टाकून हालवू लागले की, प्रत्येक दाणा सुटा होतो, एकटा उडतो, एकटा पडतो. सैतानाला आपणांस काय करावयाचे आहे, हे प्रभूने ह्या एका शब्दात सांगितले. आणि तसेच झाले. मोठा कोण म्हणून वाद करणारे ते अकरा जण काही घटकांतच दाही दिशांना पांगले. शेकोटीपाशी पेत्र एकटा होता, म्हणूनच एका दासीच्या प्रश्नाने तो पडला. त्याच्या शेजारी आणखी दोन भाऊ उभे असते, तर त्याच्या तोंडून तो नकार इतक्या सहज निघाला असता काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२. राखण व ऐक्य यांची गाठ

आता अकरावे वचन पुन्हा पाहा. ह्यांना राख व ह्यांना एकही कर, अशा दोन सुट्या गोष्टी प्रभू मागत नाही. त्याच्या बोलण्याचा भाव असा आहे की, पित्याने आपल्या नावाने त्यांना राखावे, यासाठी की, पिता व पुत्र जसे एक आहेत तसे त्यांनीही एक व्हावे. राखणीचा हेतू ऐक्य आहे. जी मंडळी राखली गेली तिची खूण ही की, ती एक आहे; आणि जी फुटली तिच्याविषयी, तिचे मंदिर कितीही मजबूत असले तरी, ती राखली गेली असे म्हणता येत नाही.

खरिपाची पिके निघाली म्हणजे धनगर आपली मेंढरे घेऊन आपल्या शेतांत उतरतात, हे आपण दरवर्षी पाहतो. शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरे रात्री आपल्या रानात बसवितो. तेथे दगडाची भिंत नसते की काट्यांची कूपही नसते. चार मेढी रोवून त्यांच्या भोवती धनगर वाघूर ताणतो. ही वाघूर म्हणजे दोरीचे जाळे. तिची एकेक दोरी हातात घेऊन पाहाल तर ती बोटभर जाडही नसते. एकटीने तिने लांडग्याला काय अडवावे? परंतु प्रत्येक दोरी शेजारच्या दोरीला गाठीने बांधलेली असते, आणि त्या गाठींच्या बळावर शंभर मेंढरे निश्चिंत बसतात. एखादी गाठ सुटली तर धनगर सकाळची वाट पाहत नाही. तो कंदील घेऊन त्याच वेळी ती बांधतो, कारण लांडग्यालाही तेवढीच जागा पुरते हे त्यास ठाऊक असते.

बंधूंनो, आपली मंडळी मेंढरांचा कळपही आहे आणि तीच वाघूरही आहे. देव आपणांस राखतो तो बहुधा एकमेकांच्या द्वारे राखतो. दारूच्या गुत्त्याकडे वळलेल्या भावाचा हात धरणारा दुसरा भाऊ, दुखण्यात घाबरून गंडादोरा बांधावयास निघालेल्या मातेजवळ रात्रभर बसणारी शेजारीण, सावकाराकडे जाण्यापूर्वी दोन पायली ज्वारी आणून टाकणारा सोयरा, ह्या त्याच्या गाठी आहेत. त्या आपण आपल्या हाताने सोडितो, आणि मग आम्हांस राख म्हणून त्याच हातांनी देवाची विनवणी करितो.

३. पन्नास पावलांचे अंतर

येथे आम्हांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना आम्हांस लाज वाटते. तथापि उपदेशकबंधूंस तिचा उपयोग होईल म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खेडेगावच्या मंडळीची सेवा आम्हांकडे होती. मंडळीत तीस-पस्तीस घरे होती. त्यांचे वाडवडील दोन निरनिराळ्या जातींतून प्रभूकडे आले होते. बाप्तिस्मा एक, मंदिर एक, परंतु वस्त्या दोन, मधून एक बोळ. एका लग्नात स्वयंपाक एका बाजूच्या स्त्रियांनी केला म्हणून दुसऱ्या बाजूचे दोन वडीलधारे पंगतीस बसले नाहीत. पोटात दुखते असे त्यांनी सांगितले, परंतु खरे कारण सर्वांस कळले. पुढे भजनाची बैठक दोन घरी होऊ लागली. मग प्रभुभोजनाच्या दिवशी आळीपाळीने एक बाजू गैरहजर राहू लागली.

आम्ही काय केले? आम्ही व्यासपीठावरून रागे भरलो. ऐक्यावर तीन उपदेश केले. परंतु शनिवारी गावात गेलो म्हणजे एकाच घरी उतरत होतो. ते घर मंदिराला लागून होते, घरधनी मंडळीचे वडील होते, आणि चहा तयार असे. बोळाच्या पलीकडे आम्ही कामापुरते जात होतो. पलीकडच्यांनी हे पाहिले नसेल असे समजणे हा आमचा भोळेपणा होता.

एका पावसाळ्यात पलीकडील एका घरी लेकरू तापाने फणफणले. ओढ्याला पाणी होते. दवाखाना दूर होता. गाडीवाचून जाणे शक्य नव्हते. गाडी अलीकडच्या एका घरी होती. बापाने ती मागितली नाही, कारण नाही म्हणतील अशी त्यास भीती वाटली. गाडीवाल्याने ती आपण होऊन नेली नाही, कारण मागितल्यावाचून गेलो तर अपमान होईल असे त्यास वाटले. त्या रात्री दोन्ही बाजूंस त्या लेकरासाठी प्रार्थना झाली, हे आम्हांस मागाहून कळले. एका घरी लेकरू होते, दुसऱ्या घरी गाडी होती, आणि दोन्ही घरी गुडघे टेकलेले होते. मध्ये पन्नास पावलांचे अंतर होते. ते कोणी ओलांडले नाही. पहाटे लेकरू गेले.

गाडी गेली असती तर लेकरू वाचलेच असते असे आम्ही म्हणत नाही. ते देवाच्या हाती. परंतु आम्ही भेटावयास गेलो तेव्हा बापाने जे शब्द काढले ते आजही आमच्या कानांत आहेत. तो म्हणाला, “पाळकसाहेब, प्रार्थना पुष्कळ झाली. पण दार कोणी वाजवलं नाही.”

त्या दिवसापासून तो मंदिरात येईनासा झाला. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करीत असू की, प्रभो, ह्यास सैतानापासून राख. आणि प्रार्थना करिता करिता आम्हांस कळू लागले की, लांडगा ज्या भगदाडातून आत आला ते ह्या माणसाच्या अंतःकरणात नव्हते. ते त्या बोळात होते, आणि त्याची एक बाजू आम्ही आपल्या पायांनी रुंद केली होती.

तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याची म्हातारी आई फडक्यात भाकरी व पिठले बांधून बोळ उतरून गेली आणि त्या घराच्या उंबऱ्यापाशी बसली. ती काही बोलली नाही. लेकराच्या आईने पुष्कळ वेळाने तिला आत बोलाविले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. असे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी तिचा मुलगा तिच्याबरोबर गेला, आणि तो काय बोलला ते त्यास व त्या बापास ठाऊक. आम्ही तीन उपदेशांनी जे केले नाही ते त्या म्हातारीने भाकरी हातात घेऊन केले. तिला एक अक्षर वाचता येत नव्हते. पुढे एका वर्षाने तो बाप उपासनेस येऊ लागला. तो दाराजवळ बसतो. त्यास पुढे येऊन बसा असे म्हणण्याचा धीर आम्हांस अजून झालेला नाही.

४. नहेम्याची भिंत

कोणी म्हणेल, मंडळीत भांडणे व्हावयाचीच; बाहेरचे संकट मोठे असता घरातल्या गोष्टी काय घेऊन बसावे? ह्याचे उत्तर नहेम्याच्या पुस्तकात आहे.

यरुशलेमेची भिंत पडली होती आणि ती पुन्हा बांधावयाची होती. तिसऱ्या अध्यायात आपण पाहतो की, कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. चौथ्या अध्यायात शत्रू चालून येण्याचा बेत करितात, तेव्हा लोक देवाची प्रार्थनाही करितात आणि रात्रंदिवस पहाराही ठेवितात. एका हाताने काम करितात व दुसऱ्या हातात हत्यार धरितात. काम विस्तीर्ण असल्यामुळे ते भिंतीवर एकमेकांपासून दूर दूर होते. म्हणून नहेम्याने ठरविले की, ज्या ठिकाणी कर्णा वाजेल त्या ठिकाणी सर्वांनी धावून जावे. प्रार्थना, पहारा आणि एकमेकांच्या हाकेस धावणे, ही तिन्ही तेथे एकत्र आहेत.

परंतु पुढचा अध्याय आपण पुष्कळदा घाईने वाचतो. पाचव्या अध्यायात आरोळी उठते ती शत्रूची नव्हे. ती गोरगरीब यहूद्यांची व त्यांच्या बायकांची, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध आहे. दुष्काळात धान्यासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकिली होती, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढिले होते, आणि मुलेमुली दास्यात द्यावी लागत होती. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते भिंत बांधीत होते तेच त्यांचे सावकार होते. नहेम्याने काय केले? शत्रू दाराशी असता त्याने मोठी सभा भरविली, सरदारांस व अधिकाऱ्यांस तोंडावर दोष दिला, आणि शेते, घरे व घेतलेले व्याज परत करावयास लावून शपथ घेतली. मग सहाव्या अध्यायात आपण वाचतो की, बावन्न दिवसांत भिंत पूर्ण झाली.

हा क्रम ध्यानात धरावा. चौथ्या अध्यायातील शत्रू व सहाव्या अध्यायातील पूर्ण झालेली भिंत ह्यांच्या मध्ये भावाभावांचा हिशेब आहे. तो चुकता केल्यावाचून दगडावर दगड रचला असता तरी त्या भिंतीच्या आत राखण्यासारखे काय उरले असते? आमच्या मंडळ्यांतून असे हिशेब थोडे नाहीत. भावाने भावाचा बांध कोरला आहे. विधवेच्या वाट्याची जमीन तिच्या दिराच्या नावे लागली आहे. उसने घेतलेले बियाणे तीन हंगाम परत गेलेले नाही. हे सर्व तसेच ठेवून आपण उपासनेत आत्मिक संरक्षण मागतो.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो स्वतः बंदिवान होता. तरी चौथ्या अध्यायात तो दोन स्त्रियांस नावाने विनंती करितो : युवदीया व सुंतुखे ह्यांनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावे. त्या वाईट स्त्रिया नव्हत्या. शुभवर्तमानाच्या कामी त्यांनी पौलाबरोबर श्रम केले होते. आणि पौल एका विश्वासू सहकाऱ्यास सांगतो की, तू त्यांना साहाय्य कर. ह्यानंतर थोड्याच वचनांनी देवाच्या त्या शांतीचे अभिवचन येते, जी आपल्या अंतःकरणांचे रक्षण करील. तेथे रक्षणासाठी जो ग्रीक शब्द आहे तो शहरावर ठेवलेल्या शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. आपण सातवे वचन पाठ करितो, दुखणेकऱ्याच्या उशाशी ते म्हणतो. परंतु दुसरे वचन आपल्याला पाठ नसते. त्या पहाऱ्याच्या वाटेवर प्रथम ते दोन दरवाजे लागतात.

५. मोठ्या मंडळीचा धडा

जी गोष्ट बोळाची, तीच देशाची. आपल्या मराठी मुलखात शुभवर्तमान आले ते निरनिराळ्या मिशनांच्या हातून आले. अहमदनगराकडे अमेरिकन मराठी मिशन, नाशिककडे इंग्लंडची चर्च मिशनरी सोसायटी, नागपुराकडे स्कॉटलंडचे मिशनरी, कोल्हापुराकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन. त्यामुळे आपला आजा कोणत्या पंथाचा ख्रिस्ती झाला, हे पुष्कळदा तो कोणत्या रस्त्यालगत राहत होता ह्यावरून ठरले. ज्या वादांवरून युरोपात मंडळ्या फुटल्या ते वाद आपल्या वाडवडिलांनी ऐकलेही नव्हते, तरी त्यांची नावे मात्र आपणांस वारशाने मिळाली.

ही फूट शुभवर्तमानाच्या आड येते, हे येथील सेवकांस लवकर कळले. १९१९ साली दक्षिणेत त्रांकबार येथे काही पाळक जमले व त्यांनी ऐक्याची हाक दिली. त्यांत व्ही. एस. अझरिया हे अग्रणी होते. ती हाक फळास येण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे दक्षिण भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली. अझरिया तो दिवस पाहावयास राहिले नव्हते, १९४५ च्या पहिल्याच दिवशी ते प्रभूकडे गेले होते. उत्तरेकडील बोलण्यांस ह्याहून अधिक काळ लागला, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. सर्वच आल्या नाहीत. काही उंबऱ्यापर्यंत येऊन मागे राहिल्या. तरी जे झाले त्याबद्दल आपण देवाची स्तुती करावी.

ह्याहून जुनी एक गोष्ट आपल्या तरुणांस सांगण्यासारखी आहे. वर्षाच्या आरंभी आपल्या पुष्कळ मंडळ्यांतून प्रार्थनेचा आठवडा पाळण्याची चाल आहे. ही चाल विलायतेत निघाली असे कित्येकांस वाटते. परंतु तिची हाक ह्याच देशातून, पंजाबातील लुधियाना येथील मिशनाने १८५८ साली दिली, आणि १८६० च्या जानेवारीत निरनिराळ्या देशांतील व पंथांतील ख्रिस्ती लोकांनी एकाच आठवड्यात प्रार्थना केली. पुढे हा आठवडा जगभर पाळला जाऊ लागला. १८५७ च्या बंडात त्या भागांतील ख्रिस्ती लोकांनी फार भोगले होते. संकटातून निघालेल्यांस राखणीची प्रार्थना सुचावी ह्यात नवल नाही. त्यांनी ती सर्वांनी मिळून करावी असे मागितले, हे विशेष होय.

मात्र कागदावर सही केल्याने ऐक्य पूर्ण होत नाही. नागपुरात पत्रे एक झाली. गावात पंगत एक झाली काय? हा प्रश्न प्रत्येक मंडळीने आपणांस विचारावा. कारण प्रभूने ऐक्य मागितले त्याचा हेतूही एकविसाव्या वचनात सांगितला आहे : ते पाहून जगाने विश्वास धरावा. गावातील आपले इतर शेजारी आपला शास्त्रग्रंथ वाचीत नाहीत, परंतु आपली पंगत रोज वाचतात.

६. कशी प्रार्थना करावी?

प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपण बालपणापासून म्हणतो. तिच्यातील शब्द एकदा मोजून पाहावे. तिच्यात मला, माझे असा शब्द कोठेही नाही. भाकर मागतो ती आम्हां सर्वांची, क्षमा मागतो ती आम्हां सर्वांची, आणि त्या दुष्टापासून सुटका मागतो तीही आम्हां सर्वांची. कोणीही कोपऱ्यात एकटा बसून ती म्हटली, तरी ज्याच्याशी त्याचे बोलणे बंद आहे तो माणूस त्या एका शब्दातून आत येऊन त्याच्या शेजारी गुडघे टेकतो. स्वतःपुरते संरक्षण मागण्याची प्रार्थना प्रभूने आपणांस शिकविलीच नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली घरासाठी : रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत ज्या एका घराशी आपले बिनसले आहे त्याचे नाव घ्यावे. तक्रार सांगू नये. त्या घरातील मुलांची नावे घ्यावी, त्यांच्या पिकासाठी व आरोग्यासाठी मागावे. आठ दिवस असे केल्यावर त्या घरी जाण्यास पाय किती हलके होतात ते पाहावे.

दुसरी मंडळीसाठी : मत्तय पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, अर्पण आणिले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा. आपण म्हणतो, माझ्या मनात काही नाही. परंतु प्रभूचा प्रश्न भावाच्या मनाविषयी आहे. तेव्हा पुढील प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात पंचांनी व वडीलधाऱ्यांनी दोघे दोघे मिळून घरोघर जावे, आणि पहिले पाऊल ज्याची चूक कमी त्याने टाकावे. ज्याची चूक अधिक असते त्यास लाज अडविते.

तिसरी आम्हां उपदेशकांसाठी, आणि ती सर्वांत कठीण : दोन्ही वस्त्यांतील पाणी प्यावे. व्यासपीठावरून कोणा एका बाजूस टोमणा मारू नये. जे बोलावयाचे ते घरी जाऊन, खाली बसून बोलावे. एका पक्षाने दुसऱ्याविरुद्ध प्रार्थना करावयास सांगितले तर नम्रपणे नाकारावे. आणि आपल्यापेक्षा एखादी म्हातारी अधिक शहाणी निघाली तर तिचे आभार मानून तिच्या मागे चालावे.

बंधूंनो व भगिनींनो, प्रभूने ती प्रार्थना केली तेव्हा तो विसाव्या वचनात म्हणाला की, केवळ ह्यांच्यासाठीच नव्हे, तर ह्यांच्या वचनावरून जे पुढे विश्वास धरतील त्यांच्यासाठीही मी विनंती करितो. ते आपणच. कालवरीच्या आदल्या रात्री आपल्या ह्या लहानशा वाडीचे, तिच्या मधल्या बोळाचे नाव प्रभूने पित्यापुढे घेतले. तो पुनरुत्थित होऊन आजही आपल्यासाठी मध्यस्थी करीत आहे. ज्याची विनंती पिता ऐकतो त्याची ही विनंती आहे. आपण तिच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि दार वाजवावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांस एका नावाखाली गोळा केलेस, आणि आम्ही त्या नावाखाली भिंती घातल्या. आम्हांस क्षमा कर. आमच्या लेकरांस, आमच्या दुखणेकऱ्यांस, परगावी कामास गेलेल्यांस व मंदिरापासून दूर गेलेल्यांस त्या दुष्टापासून राख. आमच्या हातून सुटलेल्या गाठी आम्हांस दाखीव, आणि सकाळची वाट न पाहता त्या बांधावयास आम्हांस उठीव. ज्याचे नाव घेण्यास आमची जीभ अडखळते त्याचे नाव प्रथम आमच्या ओठांवर आण. दाराजवळ बसलेल्या प्रत्येकास आत ने, आणि त्याच्यासाठी जागा करण्याची बुद्धी आम्हांस दे. जसे तू व तुझा पुत्र एक आहां तसे आम्हांस कर, म्हणजे आमच्या गावाला तुझी प्रीती कळेल. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने हे मागतो. आमेन.